उत्तररंगाची कसोटी

नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग किंवा पद घेऊन त्याचे निरूपण करतात. मग थोडी विश्रांती होते, बुवांच्या गळ्यात हार पडतो, आणि उत्तररंगात त्या निरूपणाला धरून एखादे आख्यान उभे राहते. आख्यान कितीही रंगले तरी जाणत्या श्रोत्याचे अर्धे लक्ष एका गोष्टीकडे असते: बुवा शेवटी मूळ पदावर येतात की नाही. मूळ पदावर न आलेले आख्यान रंजक असू शकेल. त्याला त्या कीर्तनाचा उत्तररंग मात्र म्हणता येणार नाही.

चित्रपटांच्या ‘पुढच्या भागां’विषयी बोलताना ही कसोटी आपण सहसा वापरत नाही. दुसरा भाग पहिल्याइतका भव्य आहे का, त्यात साहसदृश्ये जास्त आहेत का, पैसा किती लागला आणि किती मिळाला, असेच प्रश्न विचारले जातात. हे सारे प्रश्न मोजमापाचे आहेत. कलाकृतींमधल्या नात्याविषयी त्यांतून फारसे काही हाती लागत नाही.

हा विचार मनात यायला निमित्त झाले ते आमच्या वर्गातले. देवळाली प्रवरासारख्या उसाच्या शेतांनी वेढलेल्या गावात राहून मराठी साहित्य शिकवताना विद्यार्थी काय वाचतात याचा अंदाज लागणे आता अवघड झाले आहे. ते काय पाहतात, हे मात्र कळते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा परिचय करून देत असताना एकाने विचारले, ‘‘मॅडम, म्हणजे हा सीक्वेलच झाला ना?’’ वर्गात हशा पिकला, पण प्रश्न नेमका होता. तासाचा उरलेला वेळ ‘कोई... मिल गया’ आणि ‘क्रिश’ यांच्यावर गेला. दुसरा चित्रपट पहिल्याच्या तोडीचा आहे की नाही, यावर दोन तट पडले. त्या चर्चेत मनात आलेले काही मुद्दे येथे सविस्तर मांडते.

राकेश रोशन यांचा ‘कोई... मिल गया’ 8 ऑगस्ट 2003 रोजी प्रदर्शित झाला. अवकाशयान, परग्रहावरचा जीव, संगणकावरून अंतराळात जाणारे ‘ओम’चे ध्वनी अशी सारी विज्ञानकथेची सामग्री त्यात आहे. तरीही त्या चित्रपटाचे मूळ पद वेगळे आहे. शरीराने तरुण झालेला, पण बुद्धीने लहान मुलाएवढाच राहिलेला रोहित आणि त्याला एकटीने वाढवणारी आई सोनिया, हे ते पद. रोहित लहान मुलांच्या वर्गात बसतो, त्यांच्याशीच त्याची मैत्री आहे, आणि त्या मैत्रीत त्याला कोणी कमी लेखत नाही. पुढे येणारा ‘जादू’ हा जीवही सामर्थ्याचा पुतळा नाही. त्याला ऊन लागते. आभाळ भरून आले की त्याची शक्ती ओसरते. बास्केटबॉलच्या सामन्यात सूर्यासमोर ढग येतो तेव्हा प्रेक्षकाचा जीव खालीवर होतो, तो यामुळेच. उणीव असलेल्या दोघांची ती मैत्री आहे आणि चित्रपटातला अद्भुतरस या उणिवेतून येतो.

मात्र अखेरीस दिग्दर्शकाचा धीर सुटतो. जादू निघून जातो, रोहित पूर्वीसारखा होतो, आणि कथा तेथे थांबली असती तर ती फार वरच्या पातळीवर गेली असती. परंतु गेलेली शक्ती त्याला परत मिळते, आणि ती कायमची. इतका वेळ ज्याच्यावर जसा आहे तसे प्रेम करायला चित्रपटाने शिकवले, त्याला तसाच ठेवून निरोप देणे त्याला जमले नाही.

याविषयी मी थोडी हळवी आहे, हे मान्य करते. माझा एक मावसभाऊ रोहितसारखाच आहे. त्या काळी अशा मुलांना सर्रास ‘मतिमंद’ म्हणत. 2003 साली तो चौदा वर्षांचा होता, आणि आम्ही सगळे श्रीरामपूरला जाऊन हा चित्रपट पाहिला होता. रोहितला शाळेतून हाकलतात त्या प्रसंगी मावशीने पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. येताना बसमध्ये ती एवढेच म्हणाली, ‘‘शेवटी बरा झाला बाई तो. आपल्याकडं कुठून यायचा जादू?’’ समीक्षेची परिभाषा मी तेव्हा नुकतीच शिकत होते, पण त्या शेवटाविषयी मावशीच्या या वाक्याहून नेमके असे काही मला त्यानंतरही वाचायला मिळालेले नाही. त्या शेवटाने पडद्यावरच्या आईची सुटका केली होती आणि खुर्चीतल्या आईला एकटे सोडले होते.

‘क्रिश’ 23 जून 2006 रोजी आला. त्याचा नायक कृष्णा हा रोहितचा मुलगा; वडिलांना मिळालेली शक्ती घेऊनच तो जन्मला आहे. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे: या चित्रपटाची सुरुवात पहिल्या भागाच्या तोडीची आहे, किंबहुना काही बाबतींत ती त्याच्या पुढे जाते. सोनिया आता आजी आहे. मुलाला शक्ती मिळाली आणि त्या शक्तीच्या मागे लागलेल्या जगाने मुलगाच नेला, असा तिचा अनुभव आहे. म्हणून नातवाची असामान्य बुद्धी शाळेत लक्षात येताच ती त्याला घेऊन दूर डोंगरात जाते. पहिल्या भागात जग आपल्या मुलाला स्वीकारत नाही म्हणून झुरणारी बाई दुसऱ्या भागात जगाने नातवाला पाहूच नये म्हणून धडपडते. पुढचा भाग कशासाठी लिहावा, याचे उत्तर रेखाने साकारलेल्या या आजीत आहे. वरदानाची किंमत कोण भरते, हा पहिल्या भागाने टाळलेला प्रश्न ती विचारते.

मुखवट्याची कल्पनाही यातूनच आली आहे. अमेरिकी चित्रकथांमधले नायक आपली ओळख लपवण्यासाठी मुखवटा घालतात, ती प्रामुख्याने शत्रूंपासून. कृष्णा मुखवटा घालतो तो आजीला दिलेले वचन मोडू नये म्हणून. सिंगापूरमध्ये सर्कशीला आग लागते, मुले आत अडकतात. शक्ती प्रकट करायची नाही असा शब्द दिलेला, आणि समोर जीव जाताहेत. तेव्हा हाताला लागलेला तुटका मुखवटा तो चेहऱ्यावर चढवतो. शब्द आणि कर्तव्य यांच्या कात्रीत सापडलेला नायक आपल्याला महाभारतापासून परिचित आहे. परदेशी पोशाखाच्या आत लपलेला हा अस्सल देशी पेच आहे.

दुर्दैवाने चित्रपट या पेचात फार वेळ राहत नाही. भविष्य दाखवणारे यंत्र, ते बनवून घेणारा डॉ. आर्य, इमारतींवरून उड्या, हाँगकाँगहून आलेल्या साहसदिग्दर्शकाची करामत या सगळ्यात आजी मागे पडते. कृष्णाच्या शक्तीला कोणताही ढग अडवत नाही. त्याला काही कमी नाही, त्यामुळे त्याचे काय होणार याची काळजीही वाटत नाही. मग कळते की मेलेला समजलेला रोहित त्याच यंत्रासाठी वीस वर्षे कोंडून ठेवलेला आहे. तो सुटतो आणि आईला परत मिळतो. म्हणजे वरदानाची जी किंमत आजीने मोजली असे आपण मानत होतो, ती चित्रपट व्याजासह परत करून टाकतो. उघडलेला हिशेब पुन्हा मिटतो.

हा चित्रपट माझ्या मावसभावाने घरी, टीव्हीवर पाहिला. दोन्ही भागांत नायकाच्या भूमिकेत हृतिक रोशनच आहे. तो पडद्यावर आल्याबरोबर भाऊ सरसावून बसला. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘हा तो नाही.’’ हा त्याचा मुलगा आहे, असे मी समजावून सांगितले. ते त्याला कळले असावे, पण मत बदलले नाही. ‘‘तो कुठंय मग?’’ असे त्याने आणखी दोनदा विचारले. चेहरा तोच ठेवून माणूस काढून घेतला आहे, हे त्याला आमच्या कितीतरी आधी जाणवले होते.

‘क्रिश’ची बाजू घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की, हॉलिवूडच्या तोडीस उभा राहू पाहणारा नायक आपल्याकडे पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, त्याचे मोल आहे. हे मोल मला अमान्य नाही. पण तोडीस उभे राहायचेच असेल तर तिकडच्या एका चित्रपटाकडेही पाहिले पाहिजे. जेम्स गन यांचा ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ 2014 साली आला आणि त्याचा दुसरा भाग 2017 साली. पहिल्या भागात पीटर क्विल हा आई गमावलेला आणि बाप ठाऊक नसलेला मुलगा आहे. दुसऱ्यात त्याला बाप भेटतो. तो देवासारखा सामर्थ्यवान, स्वतःच एक जिवंत ग्रह असलेला आहे, आणि मुलाला आपल्या अमरत्वाचा वाटा द्यायला तयार आहे. पुढे उलगडते की आईच्या मृत्यूला कारणीभूत तोच होता. पीटर त्याच्याशी लढतो आणि त्या लढाईत आपले दैवी सामर्थ्य गमावतो. त्याच्यासाठी जीव देतो तो लहानपणी त्याला पळवून नेणारा योंडू. पहिल्या भागात ज्याला आपण लुटारू म्हणून बाजूला ठेवले होते तो.

विनोद आणि नावीन्य या बाबतींत हा दुसरा भाग पहिल्याहून उणा आहे, असे म्हणता येईल. मध्यंतरी तो रेंगाळतोही. पण तो मूळ पदावर येतो. पहिल्या भागात बापाचे गूढ हा केवळ कुतूहलाचा विषय होता. दुसऱ्यात ते दुःख होते. ‘क्रिश’ही बापाच्या शोधाचीच कथा आहे. फरक असा की तिथे वारसा हे निव्वळ वरदान आहे, आणि इथे वारसा नाकारावा लागतो.

भवभूतीकडे पुन्हा वळू. आठव्या शतकाच्या सुमाराच्या, विदर्भातल्या पद्मपूरच्या या नाटककाराने आधी ‘महावीरचरित’ लिहिले. त्यात रामाचा पराक्रम आहे. मग ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्याच अंकात त्याने राम आणि सीता यांना त्यांच्याच पूर्वायुष्याच्या चित्रांसमोर उभे केले. पूर्वभाग आता भिंतीवरचे चित्र झाला आहे. युद्ध जिंकले, सीतेची शुद्धी सिद्ध झाली, ते प्रकरण संपले असे वाटत असतानाच लोकापवाद ते पुन्हा उघडतो, आणि या वेळी रामाचा पराक्रम त्याच्या काहीच कामाचा नाही. शेवट येथेही मीलनाने होतो. पण त्या मीलनाआधी भवभूती रामाला पुरेसे रडवतो, कोणतीही पळवाट देत नाही.

याहून जवळचा दाखला आमच्या राहुरी तालुक्यातच आहे. ताहाराबादच्या महिपतींनी 1762 मध्ये ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यात एकनाथ आणि तुकाराम येऊन गेले होते. तरी 1774 च्या ‘भक्तलीलामृता’त त्यांनी हीच चरित्रे पुन्हा घेतली, एकट्या तुकोबांना सोळा अध्याय दिले. चमत्कार तिथेही आहेत, परंतु दुष्काळ, मोडलेला व्यापार आणि संसारातली ओढाताण यांनाही तिथे ऐसपैस जागा मिळाली. नायक मोठा करण्यासाठी त्यांनी त्याच्याभोवतीचा संसार मोठा केला. कीर्तनकार आजही उत्तररंगासाठी महिपतींकडे जातात, ते उगाच नव्हे.

2013 साली ‘क्रिश 3’ आला. त्यातला खलनायक ‘काल’ मानेखाली लुळा आहे. केवळ बोटे हलतात. रोहितच्याच अंशापासून तो निर्माण झालेला आहे. ज्या मालिकेचा आरंभ एका अपंग मुलावरच्या प्रेमाने झाला, तिने तिसऱ्या भागापर्यंत अपंगत्व शत्रूच्या वाट्याला दिले. रोहितच्या त्या मुलाकडे तो मुलगा आहे म्हणून पाहण्याची एक विलक्षण संधी कथेत होती, ती तशीच राहून गेली. अखेरीस रोहित कृष्णासाठी प्राण देतो, तो प्रसंग हेलावणारा आहे. पण त्या आधीच ते पद हरवलेले असते.

2025 मध्ये चौथ्या भागाची घोषणा झाली. दिग्दर्शन स्वतः हृतिक रोशन करणार, असेही जाहीर झाले. विद्यार्थी त्याची वाट पाहत आहेत, आणि मीही पाहीन. पहिल्याहून तो मोठा असणार यात शंका नाही. मला कुतूहल एवढेच आहे की, शक्ती परत मिळाली नसती तर रोहित आणि सोनिया कसे जगले असते, हा 2003 पासून अनुत्तरित राहिलेला प्रश्न त्यात कोणाला आठवतो का. उत्तर नाही सापडले तरी चालेल. प्रश्न पुन्हा विचारला गेला, तरी पुष्कळ झाले.