विजेचे स्थळ

मुलीसाठी स्थळे पाहावीत तशी विजेसाठीही पाहता येतात, ही सोय (तिला यातायातही म्हणता येईल) मुंबईच्या उपनगरांतल्या माणसाच्या वाट्याला येऊन आता बरीच वर्षे लोटली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा कंपनीचा किरकोळ गिऱ्हाइकाला वीज विकण्याचा हक्क मान्य केला आणि २००९ साली नियामक आयोगाने दुसऱ्याच्या तारांवरून ती पोचवायला वाट करून दिली. तारा तेव्हा रिलायन्सच्या होत्या, २०१८ पासून अदानींच्या आहेत. म्हणजे तार एकाची, वीज दुसऱ्याची. रस्ता नगरपालिकेचा नि टांगा आपल्या पसंतीचा, असे समजा ना!

गोरेगावात माझ्या धाकट्या बहिणीचा छापखाना आहे. मेहुणे यंत्रापाशी, ती हिशेबापाशी. लग्नपत्रिका फोनवर जाऊ लागल्यापासून काम रोडावले होते. वीजबिल तरी उतरले पाहिजे, नाहीतर बाइंडिंग नि लॅमिनेशन सांभाळणाऱ्या काकांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणावे लागेल, अशी वेळ आली होती. काका तिच्या सासऱ्यांच्या वेळचे.

अशात एक गृहस्थ दरपत्रक घेऊन आले. युनिटचा दर खरोखरच कमी दिसत होता. मेहुणे सहीला पेन शोधू लागले. मीही म्हटले, “बदलून टाका!”

“दादा, आधी बिल तरी वाच,” बहीण म्हणाली आणि बारा महिन्यांची बिले तिने माझ्यापुढे ठेवली.

नवरदेवाचा पगार सांगतात, पण घरावरचे कर्ज नि लग्नाच्या दोन बहिणी सांगत नाहीत, तसे या दराचे असते. तारा जुन्याच वापरायच्या, तर त्यांचे भाडे, म्हणजे वहन आकार, द्यावाच लागतो. वर आयोगाने ठरवलेला अधिभार असतो. आधीची थकबाकी फेडल्याशिवाय सोयरीक जमत नाही, आणि नव्या घरी अनामतही नव्याने भरावी लागते. हे सगळे मांडल्यावर गृहस्थांच्या पाच बोटांतले एकच हाती उरत होते.

खरा खड्डा निघाला तो दुसरीकडेच. वीस किलोवॉटच्या वरच्या गिऱ्हाइकाला स्थिर आकार लागतो तो मागणीवर. महिनाभर माफक वीज जाळा, पण एखाद्या दिवशी सगळी यंत्रे एकदम धडधडली की मीटर तो उच्चांक टिपून ठेवतो. (सासूच्या स्मरणशक्तीला आपण उगाच नावे ठेवतो.) छापखान्यात हे रोज सकाळी दहाला घडत होते. मोठे ऑफसेट, काँप्रेसर, वातानुकूलन यंत्र आणि लॅमिनेशनचा तापक, चौघांचा मुहूर्त एकच! मंजूर भारही जुन्या वैभवाच्या मापाने घेतलेला. त्यातली दोन यंत्रे तर केव्हाच विकून झाली होती.

बहिणीने भिंतीवर वेळापत्रक लावले. एक यंत्र स्थिरावल्याशिवाय दुसऱ्याचे बटण दाबायचे नाही. मेहुणे कुरकुरले, “कारखाना आहे की बालवाडी?” पण पुढच्याच बिलात उच्चांक खाली आला. मंजूर भार कमी करण्याचा अर्ज मात्र तिने लगेच केला नाही. भार उतरवला आणि मागणी त्याच्यावर गेली तर दंड बसतो. तीन महिने आकडा खाली टिकला, तेव्हा अर्ज गेला. जे वाचले त्यात काकांचा सबंध पगार निघत नाही, पण मोठा वाटा निघतो. उरलेल्यासाठी तिने स्वतःच्या स्कूटरचा विचार लांबवला, हे मला मागाहून मेहुण्यांकडून कळले.

कंपनी बदलण्याचा बेत तिने मोडलेला नाही. आयोगाचे नवे दरपत्रक निघाले की दोन्हीकडचे आकडे ती पुन्हा शेजारीशेजारी मांडते. गृहस्थांनाही चहा मिळतो, सही तेवढी मिळत नाही.

आणि रोज साडेअकराच्या सुमारास काका दारातून डोकावून विचारतात, “ताई, आता तापवू का?”