आमची मुकी गाडी

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अंथरुणास खिळलेल्या आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी धर्मगुरूंनी घरोघर जावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गेली एकोणीस वर्षे आम्ही ही फेरी मोटारसायकलवरून करीत आलो. त्या मोटारसायकलला वसईतील तीन धर्मग्रामांचे पाणी लागले. तिचा सायलेन्सर दोनदा बदलला, तरी तिचा कंठ काही सुधारला नाही. केळीच्या वाड्यांतून, बावखलाच्या काठाने ती खडखडत निघाली की पुढच्या आळीतल्या कुत्र्यांनाही आमच्या आगमनाची वर्दी मिळे. त्या कर्कश आवाजाविषयी आम्ही आज कृतज्ञतेने लिहीत आहोत, याचे वाचकांना नवल वाटेल. त्यास कारण झाली आहे ती आमच्या अंगणात गेल्या काही महिन्यांपासून उभी असलेली एक मुकी गाडी.

ही गाडी आम्ही मागितली नव्हती. आमचा भाचा सहकुटुंब कॅनडास स्थायिक व्हावयास निघाला. विजेवर चालणारी ही जॅग्वार आय-पेस त्याने वर्षभरापूर्वीच, पहिल्या मालकाकडून, अर्ध्याहून कमी किमतीत घेतली होती. २०२१ साली भारतात ही गाडी विक्रीस आली तेव्हा तिची किंमत एक कोटी रुपयांच्या वर होती. पण जुन्या गाड्यांच्या दलालांनी आता सांगितलेला भाव ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. विजेच्या गाडीची निम्मी किंमत तिच्या बॅटरीत असते असे लोक समजतात, आणि बॅटरी किती वर्षे टिकेल या भीतीने गिऱ्हाईक मागे सरते. वस्तुतः या गाडीच्या बॅटरीला आठ वर्षांची वा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी आहे. परंतु भीतीपुढे हमीचे काय चालते!

"फादरमामा, एवढ्याशा पैशात ती दुसऱ्याला देण्यापेक्षा तुम्हीच ठेवा. आईला मुंबईच्या इस्पितळात न्यायला-आणायला घरची गाडी राहील," तो म्हणाला. आम्ही नाही-होय करू लागताच त्याने ठेवणीतला बाण काढला. "पोप महाशयांनासुद्धा २०२४ च्या डिसेंबरात विजेवरची गाडी मिळाली. मग तुम्हाला काय हरकत आहे?" आमची बहीण, म्हणजे त्याची आई, गुडघ्यांच्या दुखण्याने जर्जर आहे. लोकलचा जिना तिला चढवत नाही. आम्ही वरिष्ठांना सर्व हकीकत कळवली, त्यांची अनुमती घेतली आणि गाडी आमच्या नावावर झाली.

पहिल्या दिवशी आमची जी फजिती झाली ती सांगितलीच पाहिजे. दाराला मूठ कोठे आहे हेच सापडेना. मुठी दाराच्या पत्र्यात दडलेल्या असतात आणि गाडीचे कुलूप उघडले की बाहेर येतात. आत बसून बटण दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. तेव्हा शेजारी बसलेला भाचा हसून म्हणाला, "मामा, गाडी केव्हाच सुरू झाली होती, तुम्ही ती बंद केलीत." इंजिनच नसलेल्या गाडीने सुरू झाल्याची ग्वाही द्यावी तरी कशी?

रस्त्यावर आल्यावर दुसरा धडा मिळाला. पायाखालची पट्टी जराशी दाबताच ती अशी काही झेपावली की आमच्या तोंडून प्रभूचे नाव निघाले. पाच सेकंदांच्या आत ती ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठते. इंजिनाला धाप लागण्याचा, गिअर बदलण्याचा प्रश्नच नाही. याउलट पाय उचलला की ती आपण होऊन मंदावते. त्या वेळी तिची मोटर उलट वीज निर्माण करते आणि ती बॅटरीत परत जाते. सवय झाली की एकाच पायाने गाडी हाकता येते, ब्रेकला क्वचितच हात, नव्हे पाय, लावावा लागतो. मात्र आमच्या वाड्यांतून हिंडण्यासाठी ही गाडी घडवलेली नाही. आरशांसकट तिची रुंदी सात फूट आणि वजन दोन टनांहून अधिक, त्यात बॅटरीच सहाशे किलोची. दोन्ही बाजूंना कुंपणे असलेल्या अरुंद गल्लीत समोरून भाजीचा टेम्पो आला की आरसे मिटून, जीव मुठीत धरून उभे राहावे लागते. जुलै २०१८ च्या पुरात वसई कशी बुडाली होती ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ही गाडी अर्धा मीटर पाण्यातून जाऊ शकते असे पुस्तिकेत लिहिले आहे. त्याची परीक्षा घेण्याचे धैर्य आम्हाला झालेले नाही.

आता खर्चाचे बोलू, कारण धर्मग्रामात खर्चाची चर्चा झाल्यावाचून राहत नाही. बॅटरीची क्षमता नव्वद युनिटांची. घरातल्या मोठ्या, पंधरा अँपिअरच्या सॉकेटला गाडी रात्रभर जोडली तर पंचविसेक युनिट वीज भरते आणि त्यात सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास होतो. रिकामी बॅटरी याप्रमाणे पूर्ण भरावयाची तर दीड दिवस लागेल, पण ती वेळ सहसा येत नाही. रोजच्या वापराला ऐंशी टक्क्यांपर्यंत भरावी, वीसच्या खाली उतरू देऊ नये, असे जाणकार सांगतात. पोटाचे चार कोपरे भरून जेवू नये, या वैद्यांच्या उपदेशासारखेच हे आहे. युनिटला दहा रुपये धरले तरी शंभर किलोमीटरला अडीचशे रुपये पडतात. एवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या गाडीला हजाराच्या घरात जातील.

पण ही वीज कोणाची? पाळकीय मंडळाच्या बैठकीत एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने हा प्रश्न अत्यंत विनयाने विचारला. आम्हाला क्षणभर राग आला, हे कबूल करतो. धर्मग्रामाचीच कामे करावयाची आणि वर हिशेब द्यावयाचा? परंतु रात्री विचार करता त्या गृहस्थांचेच म्हणणे योग्य वाटले. धर्मगुरुनिवासाच्या मीटरवरचे बिल म्हणजे अर्पणपेटीत पडलेले दहा-वीस रुपयेच असतात. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही गाडीसाठी वेगळा सब-मीटर बसवला. त्याचे बिल आम्ही स्वतः भरतो आणि महिन्याचा आकडा सूचनाफलकावर लावतो.

विजेची गाडी ही आजची नवलाई आहे, अशी आमचीही समजूत होती. तिच्या मुळाशी जाऊ लागलो तेव्हा तेथे दोन धर्मगुरूच भेटले. आन्योश येडलिक या हंगेरीतील बेनेडिक्टाईन संघाच्या धर्मगुरूंनी १८२८ च्या सुमारास विद्युतचुंबकांच्या साहाय्याने सतत फिरणारे यंत्र तयार केले. आजच्या मोटरच्या पूर्वजांत त्याची गणना होते. आयर्लंडमधील मेनूथ सेमिनरीत विज्ञान शिकवणारे फादर निकोलस कॅलन यांनी १८३६ साली प्रवर्तन वेटोळ्याचा शोध लावला, प्रचंड बॅटऱ्या बांधल्या आणि विजेच्या मोटरी फिरवून पाहिल्या. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, पण या दोघांची नावे कधी कानी पडली नव्हती. पुढे १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी जगातील पहिली मोटारही विजेवरचीच होती. मग स्वस्त पेट्रोल आले आणि हा मार्ग मागे पडला.

अर्थात धूर दिसत नाही म्हणून तो नाहीच असे समजण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातील वीज आजही मोठ्या प्रमाणावर कोळशापासून निर्माण होते, आणि डहाणूचे औष्णिक केंद्र आमच्या पालघर जिल्ह्यातच आहे. बॅटरीतली खनिजे कोणीतरी, कोठेतरी घाम गाळून खणून काढलेली असतात. गाडीमागून धूर निघत नाही एवढ्यावरून आपले हात स्वच्छ आहेत असे म्हणता येत नाही.

आता जे खरे बोचत होते त्याकडे वळतो. गाडी आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मिस्सा आटोपून बाहेर आलो, तो मुलांचा घोळका गाडीभोवती. मोठी माणसे मात्र दुरून पाहत होती. मोटारसायकल थांबवून "फादर, जरा चहा घेऊन जा" म्हणणारा एक वाडीवाला आता नुसता हात जोडून बाजूला होऊ लागला. ६ जुलै २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये धर्मगुरुपदाच्या उमेदवारांशी बोलताना सांगितले होते की, धर्मगुरू वा धर्मभगिनी अगदी नव्या नमुन्याच्या गाडीत दिसल्या की आपल्याला यातना होतात. त्याच वर्षी त्यांनी स्वतः एका इटालियन धर्मगुरूची तीन लाख किलोमीटर धावलेली जुनी रेनो गाडी स्वीकारली. आमची गाडीही जुनी आहे, फुकट मिळालेली आहे, असा युक्तिवाद आम्ही मनाशी केला. पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला नोंदणीचे पुस्तक दिसत नाही, त्याला गाडीच दिसते. आणि खरे सांगावयाचे तर ती आम्हाला आवडू लागली होती. सायंकाळी तिच्यावरची धूळ पुसताना आम्ही गरजेपेक्षा अधिक वेळ रेंगाळतो, हे आमच्या ध्यानी आले होते.

आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे १९६४ च्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेसची गोष्ट सांगत. त्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या वापरासाठी एक आलिशान लिंकन मोटार भेट मिळाली होती. जाताना ती त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर काही त्या मोटारीत बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या कामास लावला. आम्हीही तसेच करावे काय? दलालाचा भाव घ्यावा आणि मोकळे व्हावे? हा विचार मनात घोळत असतानाच महिन्याचा पहिला शुक्रवार उजाडला.

आमच्या यादीतील चौथे घर एका ऐंशी पार केलेल्या आजीबाईंचे. त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली आहे. दर महिन्याला आम्ही दारात पाऊल ठेवतो तेव्हा आजीबाई डोक्यावर पदर घेऊन उशीला टेकून बसलेल्या असतात, मेणबत्ती पेटलेली असते आणि ओठ प्रार्थना पुटपुटत असतात. त्या दिवशी आम्ही आत गेलो तेव्हा त्या अंथरुणावर तशाच पडल्या होत्या. केस सुटलेले, साडी अस्ताव्यस्त, सून मागल्या दारी विहिरीवर. आमचा आवाज ऐकताच त्या इतक्या ओशाळल्या की त्यांना रडूच कोसळले. "फादर, मोठ्या वळणावर तुमची फटफटी वाजायची, तेव्हा मी सुनेला हाक मारायची. ती मला उठवून बसवायची, केस विंचरायची, मेणबत्ती लावायची. आज काही वाजलंच नाही. देव घरात आला आणि मी अशी पडलेली."

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. एकोणीस वर्षे ज्या खडखडाटाची आम्हाला लाज वाटत होती, तो या घरात प्रभूच्या येण्याची वर्दी देत होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. मुक्या गाड्यांचा हा धोका इतरत्रही ओळखला गेला आहे. युरोपात २०१९ पासून विजेच्या नव्या गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज करण्याची सक्ती झाली, कारण आंधळ्या माणसाला गाडी आल्याचे कळले पाहिजे. आमच्या गाडीतूनही सावकाश चालताना मंद गुणगुण निघते. रस्त्यावरच्या माणसाला ती पुरेल, पण भिंतीआड अंथरुणावर वाट पाहणाऱ्या आजीबाईंपर्यंत ती कशी पोहोचणार?

परत येऊन आम्ही सॅक्रिस्टीतले जुने कपाट उघडले. पूर्वी धर्मगुरू आजाऱ्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन निघाले की पुढे एक मुलगा हातातली घंटी वाजवीत चाले, आणि लोक वाटेवर गुडघे टेकीत. ती पितळेची घंटी कपाटाच्या तळाशी काळवंडून पडली होती. चिंच लावून आम्ही ती घासली. पुढच्या पहिल्या शुक्रवारी वेदीसेवकांपैकी एका मुलाला शेजारी बसवले. मोठ्या वळणावर गाडी उभी केली, काचा खाली घेतल्या आणि मुलाने घंटी वाजवली. वाडीतले दोघेतिघे काम थांबवून उभे राहिले. चहाला बोलावणारा तो वाडीवालाही कुंपणापाशी आला आणि कित्येक आठवड्यांनी म्हणाला, "फादर, परतताना थांबा."

गाडी विकावयाची की ठेवावयाची, याचा निर्णय तूर्त असा झाला आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे आमच्या धर्मग्रामातले दोन रुग्ण तिच्यातून जातात-येतात. उरलेल्या दिवसांत आमच्या बहिणीची पाळी. गाडी चालवण्यास दोन तरुण पुढे आले आहेत. विम्याचा पहिल्या वर्षाचा हप्ता भाच्याने भरला होता. दुसऱ्या वर्षाचा हप्ता आमच्या निर्वाहाच्या पैशांतून निघाला तर गाडी राहील, नाही तर दलालाला निरोप जाईल आणि आलेली रक्कम त्याच रुग्णांच्या उपचारांसाठी लागेल. हेही आम्ही सूचनाफलकावर लिहून लावले आहे.

घंटी मात्र आता गाडीतच असते. गेल्या शुक्रवारी आजीबाईंच्या दारात पोहोचलो तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले होते. मेणबत्तीची वात नुकतीच धरू लागली होती.