माझी पहिली तलवार

पन्नाशीनंतर माणसाला कोणती हौस सुचेल, याचा नेम नाही. परवा मी जुन्या तलवारीची एक प्रतिकृती विकत घ्यावयास गेलो. मनाने फिरंग आधीच निवडली होती. सरळ, लांब पात्याची ही तलवार मराठ्यांच्या विशेष आवडीची. १७ व्या शतकात अशी कित्येक पाती युरोपातून येत, म्हणून तिचे हे नाव.

दुकानदाराने ती हाती दिली मात्र, टोक जमिनीकडे झुकले आणि मनगट थरथरू लागले. माझा सारा व्यासंग तेथे निरुपयोगी ठरला!

वृद्ध दुकानदार हसला नाही. माझा पंजा न्याहाळून त्याने एक आखूड, बाकदार तलवार पुढे केली. तिच्या मुठीत, टोकाच्या वाटोळ्या चकतीखाली, माझी चारही बोटे नेमकी बसली. "साहेब, आधी मूठ पाहावी, मग पाते," तो म्हणाला.

घरी परतताना मला मुलाची आठवण झाली. त्याच्यासाठी अभ्यासक्रम निवडताना मी पात्याचे तेज तेवढे पाहिले होते. त्याचा पंजा कधी पाहिलाच नव्हता. तलवार भिंतीवर लागली आहे. आता त्याला पत्र लिहावयास बसलो आहे.