नागीण गेली, डंख राहिला

गेले चार महिने मी माझ्याच शर्टाला घाबरतोय. हसू नका! कडक इस्त्रीचा फॉर्मल शर्ट डाव्या बरगडीला घासला की कुणीतरी तापलेला कालथा टेकवल्यासारखं वाटतं. आरशात बघावं तर दोन-चार फिकट डाग, बस्स. बॉसला दाखवणार काय?

सुरुवात गणपतीत झाली. पाच दिवस सुट्टी टाकून पोलादपूरजवळ गावी गेलो होतो. आधी कुशीत नुसती ठसठस. म्हटलं, एसटीत अवघडलं असेल. तिसऱ्या दिवशी लालसर पुरळ उठलं, त्यावर पाण्याचे बारीक फोड. आजीने एकदाच पाहिलं नि म्हणाली, "ही नागीण हाय रं बाला. तोंड नि शेपूट एक झालं तर खैर नाय." आणि गेरू उगाळायला बसली. मी पडलो एमबीए! तिला हसलो आणि त्याच दिवशी महाडला डॉक्टर गाठले. त्यांनी लांबूनच बघितलं. "ॲलर्जी. पावसाळा आहे, किडा फिरला असेल." एक मलम, खाजेच्या गोळ्या, विषय संपला. दोन-तीन आठवड्यांत खपल्याही पडल्या.

दिवाळीत नवा कुर्ता घातला आणि विषय पुन्हा सुरू झाला.

दुखण्यापेक्षा वाईट काय, तर त्याला नाव नसणं. त्यात बाजू डावी. रात्री अडीचला नेटवर बसून मी स्वतःला काय काय आजार लावून घेतले, विचारू नका. ईसीजी नॉर्मल. रूममेटचं निदान: "टेन्शन घेतोस यार." जखम दिसत नसली की लोकांना सहानुभूती कशावर लावायची तेच कळत नाही.

शेवटी मुंबईतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी शर्ट काढायला लावला आणि विचारलं, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?" चौथीत. "मग बहुधा नागीणच." कांजिण्यांचा व्हायरस बरं झाल्यावरही जात नाही म्हणे. मणक्याजवळ मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि वर्षांनंतर एखाद्याच तंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून पट्टा शरीराच्या एकाच बाजूला उठतो आणि सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. म्हणजे तोंड-शेपूट मिळायची आजीची भीती खोटी, पण आजाराचं नाव बरोबर! पुरळ उठल्यापासून ७२ तासांत व्हायरसवरच्या गोळ्या सुरू केल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. मी तर पहिल्याच दिवशी डॉक्टरसमोर बसलो होतो. हा हिशोब अजून मनातून जात नाही.

पुरळ गेल्यावर तीन महिने उलटूनही आग राहिली, तर तिला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. तरुणांमध्ये कमी, साठीनंतर जास्त. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं, काहींचं वर्षानुवर्षं रेंगाळतं. "माझं कधी जाईल?" बाई प्रामाणिक होत्या. "सांगता येत नाही." प्रेगाबालिन सुरू झालं. आग निम्म्यावर आली, पण सकाळच्या मीटिंगमध्ये माना टाकतो.

संक्रांतीला गावी गेलो. मुंबई-गोवा हायवेच्या रुंदीकरणाला २०११ साली हात लागला. त्यानंतरचा एकेक खड्डा या वेळी बरगडीने मोजला. घरी पोचलो तर आजीने पहिला प्रश्न केला, "अजून जळतंय ना?" मी चकित. मी फोनवर फक्त "बरंय" म्हणत आलो होतो.

"तुला कसं कळलं?"

"माजं जळतं की." तिने पदर सरकवून पाठीची उजवी बाजू दाखवली. तिथेही फिकट डाग. आठ वर्षं झाली. तिथे लुगडं टेकू नये म्हणून ती एका कुशीवर झोपते, हे मी आठ वर्षं बघत होतो. सवय समजत होतो.

"सांगितलं का नाहीस?"

"दिसत नाय तर काय सांगायचं?"

नागिणीची शिंग्रिक्स नावाची लस २०२३ मध्ये भारतात आली, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोसांची. महाग आहे, आणि आधीचं दुखणं ती घालवत नाही. नागीण पुन्हा उठू नये म्हणून मात्र उपयोगी. आईबाबांचं वय मी लगेच मोजलं.

दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन महाडची एसटी पकडली. डॉक्टर अर्थात दुसरे. खिडकीकडची सीट तिने मागितली. उजवी बाजू मोकळी राहावी म्हणून. मला डावी मोकळी हवी होती. मध्ये दोघं चिकटून बसलो.