औशाचें मैदान

लातुराहून तुळजापूरच्या रस्त्यानें सुमारें 20 किलोमीटर गेलें म्हणजे औसा हें तालुक्याचें गांव लागतें. येथील भुईकोट किल्ला खोलगट जागीं असल्यामुळें अगदीं जवळ जाईपर्यंत त्याचा विस्तार ध्यानांत येत नाहीं. मग मात्र दुहेरी तट व भोंवतालचा खंदक पाहून प्रवासी थक्क होतो. बहामनी काळापासूनचा हा किल्ला पुढें मलिक अंबरच्या हातीं आला. त्यानें ह्यास अंबरपूर असें नांव दिलें. तें कांहीं टिकलें नाहीं. किल्ला पाहून व नाथसंस्थानांत दर्शन घेऊन बहुतेक लोक माघारीं वळतात. आम्ही संध्याकाळपर्यंत राहिलों तें मुलांचा खोखो पाहण्यासाठीं.

खोखोस लागतें काय? 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद जमीन आणि दोन खांब. पण ही जमीन मराठवाड्याची, काळी. उन्हाळ्यांत भेगाळणारी, पावसांत पायास चिकटणारी. तीवर मुरूम पसरून, पाणी मारून, खडे वेंचून ती धावण्याजोगी करावी लागते, आणि तेंही वरचेवर. हें काम येथें मुलांचे आईबाप करितात. एकानें ट्रॅक्टरमधून मुरूम आणून टाकला होता. दुसरा दोरी धरून फक्कीच्या रेघा मारीत होता. पाणी मारणें हें तर सर्वांत अवघड दान. ज्या लातूर शहरास 2016 सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्याच्या शेजारीं मैदानावर घागर ओतणें म्हणजे काय, हें नळाच्या गांवीं राहणाऱ्यांस सांगून कळावयाचें नाहीं.

पारंपरिक नियमांप्रमाणें नऊ गडी मैदानांत उतरतात, बाकीचे राखीव. आमचें लक्ष वेधलें तें ह्या राखीवांच्या वडिलांनीं. नऊंत ज्याचा मुलगा आहे त्याचा उत्साह समजूं शकतो. परंतु मुलगा कडेला बसला असतां जो बाप दुसऱ्यांच्या मुलांसाठीं खडे वेंचतो, त्यास आम्ही अधिक मान देतों. उलट प्रकारही दिसला. एक गृहस्थ रेघेबाहेरून मोठमोठ्यानें आपल्या चिरंजीवांस सूचना देत होते. शिकविणाऱ्या सरांनीं कांहीं न बोलतां त्यांच्या हातीं गुणांची वही दिली. दोन्ही बाजूंचे गुण मांडूं लागतांच गृहस्थ शांत झाले! शाळेंत इतकीं वर्षें घालविलीं, पण हा उपाय आम्हांस कधीं सुचला नाहीं.

खेळाडूमागें गांव उभें राहण्याची आपल्याकडे परंपराच आहे. 1952 सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव तेथवर पोंचले ते लोकांच्या वर्गणीवर, आणि प्राचार्य खर्डेकरांनीं घर गहाण टाकून उभ्या केलेल्या 7,000 रुपयांवर. परंतु मुलींच्या बाबतींत केवळ पैसा पुरत नाहीं. बारातेरा वर्षांची झाली कीं मुलीचा खेळ सुटतो. कारण परगांवच्या सामन्यास तिला पाठवावें कोणाबरोबर, हा प्रश्न घरांत उभा राहतो. येथें त्यावर दोघीतिघी आयांनीं पाळी लावून घेतली आहे. एकीस विचारलें तेव्हां ती म्हणाली, "सर, पोरी एकट्या कशाला धाडायच्या? आमी येताव की सोबत." एस.टी.चें तिकीट पदरचें, डबाही घरचाच.

1982 पूर्वीं औसा ज्या जिल्ह्यांत होतें, त्या धाराशिवच्या सारिका काळे ह्यांस 2020 सालीं खोखोसाठीं अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्यें दिल्लीस झालेला पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनीं जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. औशाच्या मुलींस हीं नांवें तोंडपाठ आहेत.

अंधार पडतां पडतां मुली परतल्या. मागें दोन बाया फक्कीचें पोतें उचलून भिंतीच्या आडोशास ठेवीत होत्या. आभाळ भरून आलें होतें.