सूर्यास्ताआधीचा डबा

लासलगावच्या ज्या घरात मी वाढले, त्या घराचा संसार कांद्यावर चालतो. आणि त्या घराच्या स्वयंपाकघरात कांदा कधीही आलेला नाही. बाहेरच्यांना हे ऐकून गंमत वाटते. वडील दिवसभर खळ्यावर कांद्याच्या ढिगांत उभे असतात, नुसत्या नजरेने मालाची प्रत सांगतात, आणि घरी येऊन हातपाय धुऊन हिंग-जिऱ्याच्या फोडणीची आमटी जेवतात. आम्हां भावंडांना त्यात विसंगती कधी जाणवली नाही. चौविहाराचेही तसेच. लिलाव आटोपले की वडील दिवस मावळण्यापूर्वी घरी येत, ताटे मांडलेली असत, सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे आणि पाणी उरकलेले असे. तो व्रताचा नियम आहे याची मला फारशी जाणीवच नव्हती. आमच्या लेखी ती केवळ जेवणाची वेळ होती.

सासर सांगलीचे. तिथे हळदीची आडत. कांदा विकून कांदा न खाणाऱ्या घरातून मी हळद विकून हळद खाणाऱ्या घरात आले, असे माझे आजोबा विनोदाने म्हणत. या घरातही चौविहार होता, परंतु निराळ्या प्रकारचा. सासूबाई गेली तीस वर्षे तो पाळतात. सायंकाळी साडेपाचला त्या एकट्या जेवतात. पुरुषमंडळी मात्र पेढीवरून रात्री नऊला येतात, आणि त्यांना फुलका तव्यावरून थेट ताटात लागतो. म्हणजे स्वतःचे मुख बंद करून सासूबाई नऊ वाजता पुन्हा गॅस पेटवतात. भाजी चाखून पाहता येत नाही, मीठ केवळ अंदाजाने. लग्नानंतरचे पहिले दोन महिने मी त्यांच्या शेजारी उभी राहून हे पाहिले. तीस वर्षांत त्यांचे मीठ किती वेळा चुकले असेल, असे मी एकदा विचारले. "सुरुवातीला दोन-तीनदा," त्या म्हणाल्या, "नंतर हातालाच कळायला लागलं."

पुढे पुण्याच्या मार्केट यार्डातला गाळा ह्यांनी सांभाळायचा असे ठरले आणि आम्ही बिबवेवाडीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड केले. मला शिवाजीनगरला हिशेबनिसांच्या कार्यालयात नोकरी लागली. येथे खरा प्रश्न उभा राहिला. दिवसा माल उतरवणे आणि नमुने दाखवणे. सायंकाळी भराई, वाहतुकीच्या पावत्या, दिवाणजींबरोबर रोजमेळ. ह्यांना घरी यायला साडेआठ-नऊ होत. मी दिवसभर नोकरी करून आलेली, जेवण सूर्यास्ताआधी झालेले, आणि नऊ वाजता पुन्हा कणीक.

पोळ्या लाटण्याचे मला ओझे नव्हते. मला खुपले ते एक वाक्य. शेजारच्यांशी बोलताना हे सहज म्हणाले, "आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या चौविहार आहे." शेजारी गेल्यावर मी विचारले, "अहो, आमच्या म्हणजे कोणाच्या?" हे काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "आईच्या. आजीच्या." आणि थोड्या वेळाने, "आता तुझ्या."

भांडण झाले नाही. पण त्या रात्री मला वाटून गेले की एकत्र कुटुंबात कोणाच्या कष्टावर कोणता नियम उभा आहे, हे दिसत नाही. तिथे हात पुष्कळ असतात. दोन माणसांच्या घरात ते लगेच उघडे पडते. मी ह्यांना नियम घ्या असे म्हटले नाही. पच्चक्खाण दुसऱ्याच्या आग्रहाने घेण्याची वस्तू नव्हे, असे माझ्या आजीचे मत होते आणि ते मला पटते. मी एवढेच म्हटले की रात्रीचे जेवण करायचे असेल तर ते दोघांनी मिळून करायचे. हे कबूल झाले. दुसऱ्या दिवसापासून नऊ वाजता कणीक ह्यांनी मळायला घेतली. त्या कणकेबद्दल अधिक लिहीत नाही.

नवविवाहितांच्या झटपट स्वयंपाकाविषयी नियतकालिकांत पुष्कळ छापून येते; त्यातले निम्मे आपल्या घरांत निरुपयोगी ठरते. आदल्या रात्री कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवा, रविवारी आठवड्याची ग्रेव्ही करून ठेवा, असे सांगतात. आपल्याकडे रात्र ओलांडलेले ओले अन्न चालत नाही. मग तयारी करायची ती कोरडी. मी रविवारी बरण्या भरते. दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ या प्रमाणात खिचडीचे मिश्रण. ओवा आणि तिखट घातलेले गट्ट्यांचे बेसन. भाजलेले दाणे, तीळ आणि मगज यांचे वेगवेगळे कूट. टोमॅटो परतून त्यात मगजाचे आणि दाण्याचे कूट घातले की कांद्यावाचून दाट रस्सा वीस मिनिटांत होतो. बटाट्याच्या जागी कच्ची केळी, आल्याच्या जागी सुंठ. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते तेव्हा गट्टे, पापडाची भाजी, शेवेची भाजी, नाहीतर भिजवलेले मेथीदाणे. कढी करायची तर दही आधी गरम करून मग त्यात बेसन. हे सारे माहेरी मी पाहिलेच होते. पुण्यात ते घड्याळ लावून करावे लागले.

आणि घड्याळही दर महिन्याला बदलणारे. जुलैच्या आरंभी पुण्यात सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. तेव्हा साडेसहाला घरी पोहोचूनही कुकरला खिचडी लावता येते आणि शांतपणे जेवता येते. नोव्हेंबरच्या अखेरीस मात्र सहा वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. माझी कार्यालयातून सुटण्याची वेळ साडेपाच. त्यामुळे दिवाळीनंतर माझे सायंकाळचे जेवण सकाळी साडेसहाला तयार होऊ लागले आणि सव्वापाचला कार्यालयातल्या खिडकीपाशी होऊ लागले. डबा तीन पुडांचा. सोबतच्या मुली त्या वेळी चहा घेत आणि माझ्या डब्यातला गट्टा उचलत.

आता गाडीविषयी. सासऱ्यांनी चौदा वर्षे वापरलेली गाडी आम्हांला पुण्यासाठी दिली. तिच्या मागच्या आसनावर कायम हळदीच्या नमुन्यांच्या पुड्या असत, त्यामुळे आसनाचा मूळ रंग कोणता होता हे सांगणे कठीण. थंडीत सकाळी सेल्फ मारला की ती खोकल्यासारखा एक आवाज करी आणि थांबे. मग सोसायटीचे पहारेकरी, दूध टाकायला आलेला मुलगा आणि मी, असे तिघे धक्का देत असू. हे दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडत. बॅटरी बदलली, मग सेल्फची मोटर, मग क्लचप्लेट. गॅरेजवाला प्रत्येक वेळी म्हणे, "आता वर्षभर बघायला नको." व्यापाऱ्याचा मुलगा असल्याने ह्यांनी त्या खर्चाची वेगळी वही ठेवली होती. मार्गशीर्षात त्या वहीचा आकडा पाहून आम्ही दोघेही ती पुन्हा उघडीनासे झालो.

त्याच महिन्यात एका शनिवारी आम्ही सांगलीला निघालो. चतुर्दशी होती. वाटेत सूर्यास्त होणार हे ठाऊक असल्याने मी डबा घेतला होता: दशम्या, गट्ट्यांची कोरडी भाजी, दाण्याची चटणी, आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. ह्यांचा बेत सांगलीला पोहोचून आईच्या हातचे गरम जेवण्याचा होता.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागे. बोगदा होता तो पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. चढावर मालमोटारींची रांग लागली होती. पहिल्या गिअरमध्ये सरकत असताना तापमानाचा काटा वर जाऊ लागला. ह्यांनी वातानुकूलन बंद करून उलट हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता आत ओढून घेण्याचा तो जुना उपाय आहे आणि चालतोही, पण त्या दिवशी पुरला नाही. बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. गाडी कठड्याला लावली तेव्हा सव्वापाच झाले होते. रेडिएटरच्या पाण्याचा रबरी पाइप एका टोकाला चिरला होता. गरम असताना झाकण उघडायचे नाही, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचे नाही, एवढे सासऱ्यांनी बजावले होते. त्यामुळे थांबणे भाग होते. पाइपावर चिंधी आणि चिकटपट्टी गुंडाळता येईल असे ह्यांना वाटले. पण निघायचे तर पाणी हवे, आणि गाडीत पाणी होते ते दोन बाटल्या.

चौविहारात सूर्यास्तानंतर पाणीही नसते. म्हणजे जे प्यायचे ते आत्ताच, नाहीतर उद्या नवकारशीला, सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी. मी काही बोलले नाही. ह्यांनी दोन्ही बाटल्या हातांत घेतल्या, एकदा इंजिनाकडे आणि एकदा पश्चिमेकडे पाहिले, आणि बाटल्या डब्याशेजारी ठेवून दिल्या. "गाडीला मिळेल पाणी कुठूनतरी," हे म्हणाले. "तू जेवून घे."

मी कठड्याच्या आतल्या बाजूला पंचा अंथरून डबा उघडला. हे खाली बसले. एक पूड स्वतःकडे ओढून म्हणाले, "मलाही वाढ."

त्याबद्दल त्या वेळी काहीच बोलणे झाले नाही. घाटात वारा होता, दशम्या गार झाल्या होत्या, शेजारून मालमोटारी कण्हत चढत होत्या. आम्ही घाईने नव्हे, पण घड्याळावर लक्ष ठेवून जेवलो. एकेक बाटली पाणी प्यायलो. डोंगराआड सूर्य गेला तेव्हा डबा धुण्यापुरते चार घोट उरले होते.

पाणी खरोखरच मिळाले. मागे थांबलेल्या मालमोटारीच्या चालकाने आपला पाच लिटरचा कॅन काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. इंजिन निवल्यावर हळूहळू पाणी ओतले, चिकटपट्टीचा पाइप साताऱ्यापर्यंत टिकला, तिथे नवा बसवून घेतला. सांगलीला पोहोचायला साडेदहा झाले.

सासूबाई जाग्या होत्या. तवा ठेवलेला, कणकेवर ओला रुमाल. ह्यांनी चप्पल काढतानाच सांगितले, "आई, आमचं झालंय. सूर्यास्ताच्या आधी."

"दोघांचं?"

"दोघांचं."

"पाणी तरी?"

"नाही आई. उद्या."

त्यांनी गॅस बंद केला. कणीक झाकली होती ती पुन्हा झाकली, मग भांडे ओट्याच्या एका कडेला सरकवले, मग दुसऱ्या कडेला. आणि आमच्यासमोर येऊन बसल्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना त्या घरात रात्री माणसे आल्यावर बसलेल्या प्रथमच पाहत होते. खूप वेळ त्या घाटाचीच हकिकत विचारत राहिल्या: पाइप कुठे चिरला, चालक कुठला होता, दशम्या कडक तर नव्हत्या झाल्या.

ह्यांनी नियम घेतला असे मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोन दिवस, मग तीन. लग्नसराईत हळदीला उठाव असतो तेव्हा पुष्कळदा मोडते आणि त्याचा आम्ही गवगवा करत नाही. आता सकाळी दोन डबे भरले जातात. साडेपाचला दिवाणजी ह्यांना हाक मारतात, गाळ्याच्या मागच्या बाजूला पोत्यावर कागद अंथरून जेवण होते आणि मग भराई. मध्यंतरी दिवाणजींनीही आपला डबा त्याच वेळी काढायला सुरुवात केली. ते जैन नाहीत. लवकर जेवल्यावर झोप बरी लागते एवढेच त्यांचे म्हणणे. रात्री नऊला आमच्या घरात आता गॅस पेटत नाही. त्या वेळी हे रोजमेळ तपासतात, मी दुसऱ्या दिवसाची डाळ निवडते, आणि कधी कधी आम्ही नुसतेच गच्चीत बसतो.

गाडी अजून तीच आहे. मागच्या आसनाखाली हळदीच्या पुड्यांशेजारी पाण्याचा पाच लिटरचा कॅन कायम भरलेला असतो. खर्चाची वही संपली म्हणून ह्यांनी नवी आणली.

सासरे मात्र अजूनही नऊलाच जेवतात आणि सासूबाई अजूनही त्यांना तव्यावरचा फुलका वाढतात. त्यांच्या वयाला सवय बदलणे सोपे नाही, आणि सुनेने त्यात बोलणे मला योग्य वाटत नाही. गेल्या आठवड्यात सासूबाईंचा दूरध्वनी आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाल्या, तुमच्याकडे तीन पुडांचा तो डबा आहे ना, घट्ट झाकणाचा, तसा एक पुण्याहून येताना घेऊन या. पेढीवर न्यायला बरा पडेल असा. पुरुषमाणसाला पुरेल एवढा मोठा बघ.