आज कायची भाजी?

संध्याकाळ झाली की आमच्या यवतमाळच्या घरी आईचा ठरलेला प्रश्न, "आज कायची भाजी करू?" आणि आमचं ठरलेलं उत्तर, "कायची बी कर!"

२०१८ च्या उन्हाळ्यात मात्र आईनं हे विचारणंच सोडलं. शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली होती. टँकरची वाट पाहण्यात दिवस जायचा. जेवायला काय, ते पाणीच ठरवायचं. मेथी-पालक बंद, कारण धुवायला पाणी कुठलं? तुरीच्या डाळीची खिचडी केली की घासायला एकच कुकर. मी रोज कुरकुरायचो, "पुन्हा खिचडी?" आई काही बोलायची नाही.

परवा होस्टेलची मेस बंद होती. रूमवर शेगडी काढली (रेक्टर सर, एवढी ओळ वाचू नका!). मॅगी, भुर्जी की पिठलं, यावर चौघांचा अर्धा तास वाद. शेवटी खिचडीच ठरली. डाळ-तांदूळ धुताना नळ धो-धो सोडला होता. एकदम आई आठवली. हेच पाणी ती गंजात साठवून ठेवायची, भांडी विसळायला.

नळ बंद केला अन् घरी फोन लावला.

"जेवला का रे? काय केलं?"

"खिचडी."

"अगं बाई! तुला तर आवडत नव्हती ना?"